पुण्यकोटीचे गाणे : सौम्य प्रतिकाराच्या गीतपरंपरेचा एक विचार

१

प्रतिकाराच्या काव्याचा विचार करताना मराठी समीक्षेने प्रायः वीर आणि रौद्र या दोन रसांचाच आधार घेतला आहे. याची कारणे आपल्या इतिहासात आहेत. पोवाडा हा आपला सर्वांत परिचित सार्वजनिक काव्यप्रकार. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी त्याला कामगारांच्या लढ्याशी जोडले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफाच्या थापेवर लाखोंच्या सभा उभ्या राहिल्या. त्यामुळे गाण्याने प्रतिकार करावयाचा म्हणजे आवाज चढवावयाचा आणि प्रतिपक्षाला नाव घेऊन आव्हान द्यावयाचे, अशी एक समजूत आपल्या मनात रुजून बसली आहे. शाहिरीचे थोरपण निर्विवाद आहे. तथापि शाहिरीला एक गोष्ट अपरिहार्यपणे लागते, ती म्हणजे समोर उभा असलेला शत्रू. सावकार, गिरणीमालक, परका राज्यकर्ता यांपैकी कोणीतरी तिला हवा असतो.

हवामानबदल हे आपल्या काळाचे संकट असे आहे की त्याला चेहरा नाही. कोळसा आणि खनिज तेल जाळणाऱ्या सत्ता व कंपन्या आहेत आणि त्यांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे, हे खरेच. परंतु गीत गाणारा आणि ऐकणारा हे दोघेही त्याच विजेवर, त्याच वाहनांवर आणि त्याच सिमेंटवर जगत असतात. अशा वेळी आव्हानाचे गीत कोणाला उद्देशून गावयाचे, हा प्रश्न केवळ चळवळीचा राहत नाही; तो काव्यशास्त्राचाही प्रश्न होतो. गेल्या काही दशकांत भारतात आणि भारताबाहेर पर्यावरणासाठी जी गीते गाइली गेली, त्यांतील बरीच गीते सौम्य आहेत, हा योगायोग नाही. हे सौम्यपण दुर्बलतेचे लक्षण आहे, की त्याला स्वतःचे असे कार्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी बंगळूर हे शहर मी मुद्दाम निवडले आहे. मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी जेथे शेजारी नांदतात आणि जेथे गेल्या दहा वर्षांत झाडांसाठी व तलावांसाठी लोक निःशस्त्र, बहुधा हसतमुखाने, रस्त्यावर आले, असे हे शहर आहे.

२

कर्नाटकात वाढलेले बहुतेक प्रत्येक मूल ‘गोविन हाडु’, म्हणजे गाईचे गाणे, ऐकतच मोठे होते. त्याचा कर्ता अज्ञात आहे. कथा साधी आहे. काळिंग नावाच्या गवळ्याच्या कळपातील पुण्यकोटी नावाची गाय अर्भुत या भुकेल्या वाघाच्या तावडीत सापडते. घरी वासरू उपाशी आहे. त्याला एकदा पाजून परत येते, असे वचन ती वाघाला देते. ती घरी जाते, वासराला पाजते, त्याचा निरोप घेते आणि खरोखरच परत येते. तिच्या सत्यनिष्ठेने लज्जित झालेला वाघ तिला खाण्याऐवजी स्वतःचाच प्राण देतो. पुराणांतील बहुलेच्या कथेशी हिचे नाते उघड आहे. परंतु कन्नड लोकमानसात ती ज्या खोलवर रुजली, तशी बहुलेची कथा आपल्याकडे रुजली नाही.

सौम्य प्रतिकाराचे समर्थक या गाण्याकडे पाहून सहजच म्हणतील की, सत्य आणि करुणा यांपुढे वाघही वितळतो. हे वाचन सुखद आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. इतिहासातले वाघ असे वितळत नाहीत. परंतु या गाण्यात आणखी एक प्रसंग आहे आणि तो माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. परत जाण्यापूर्वी पुण्यकोटी कळपातील इतर गाईंपाशी जाते आणि आपल्या पोरक्या होऊ घातलेल्या वासराला लाथाडू नका, शिंगे मारू नका, त्याला आपलेच समजा, अशी विनवणी करते. गाण्यातील खरे सामाजिक कार्य येथे घडते. वाघाचे मन पालटेल की नाही, हे पुण्यकोटीला ठाऊक नाही. तिच्या हाती एवढेच आहे की, आपल्या माघारी त्या वासराला आपलेपणाने वागवील असा कळप तयार करून जावे.

सौम्य प्रतिकाराच्या गीताचा खरा श्रोता वाघ नव्हे, कळप आहे, असे माझे प्रतिपादन आहे. ते गीत शत्रूला जिंकीत नाही. ते विखुरलेल्यांना सोयरे करते. हे एकदा लक्षात घेतले म्हणजे त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा करण्याचा आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत म्हणून त्याला निष्फळ ठरविण्याचा असे दोन्ही दोष टळतात.

३

बंगळूर आणि मराठी वाणी यांचा संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी केंपेगौडांच्या वंशजाकडून हे नगर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरास गेले आणि तेथील मराठी राज्यात कीर्तनाने मूळ धरले. एकोणिसाव्या शतकात तंजावर कृष्ण भागवतर यांच्यासारख्या कलावंतांनी मराठी कीर्तनाचा आदर्श समोर ठेवून दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले आणि साकी, दिंडी, अभंग हे आपले प्रकार तिच्यात कायमचे जाऊन बसले.

याच्याही आधीचा दुवा विठ्ठलाचा आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले आहे; तर कर्नाटक संगीताचे पितामह मानले गेलेले पुरंदरदास आपली प्रत्येक रचना पुरंदर विठ्ठलाच्या मुद्रेने संपवितात. हे दास खांद्यावर तंबुरी, हातात चिपळ्या आणि पायांत चाळ घालून दारोदार गात फिरत. त्यांच्या पदांत समाजावर कठोर टीका आहे. परंतु तो टीकाकार न्यायासनावर बसलेला नाही. तो भिक्षेची झोळी घेऊन श्रोत्याच्याच उंबऱ्याशी उभा आहे. दोषाची यादी देताना तो प्रथम स्वतःचे नाव घेतो. तुकोबांच्या आत्मनिंदापर अभंगांत हीच रीत आहे, आणि वृक्षवेलींना आप्त मानणारा त्यांचा अभंग याच नम्रतेतून उमललेला आहे. बाराव्या शतकातील अक्कमहादेवी रानातील पाखरांना आपल्या चेन्नमल्लिकार्जुनाचा ठावठिकाणा विचारीत हिंडते, तीही याच कुळातील. गदगेत जन्मलेल्या भीमसेन जोशींनी मराठीत संतवाणी आणि कन्नडमध्ये दासवाणी सारख्याच तन्मयतेने गाइली, तेव्हा दोन्ही भाषांतील श्रोत्यांना काही परके वाटले नाही, याचे कारण हे कूळ एकच आहे.

सौम्य प्रतिकाराच्या गीताला परंपरेने दोन गोष्टी दिल्या, असे येथे म्हणता येईल. पहिली, आत्मदोषाचा स्वीकार. दुसरी, चालणे. दिंडीत गाणारा मंचावर नसतो. तो श्रोत्यांच्या बरोबरीने वाट तुडवीत असतो. हवामानबदलाच्या काळात या दोन्ही गोष्टींचे मोल वाढले आहे, कारण येथे उपदेशकाला निर्दोष राहण्याची सोय नाही.

४

या जुन्या रीतीचे आधुनिक रूप प्रथम हिमालयात दिसले. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणी झाडे तोडावयास आलेल्या माणसांपुढे उभ्या राहिल्या, तेव्हा हे रान आमचे माहेर आहे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध झाले. जंगलाला संपत्ती म्हणणे वेगळे आणि माहेर म्हणणे वेगळे. गढवाली लोककवी घनश्याम रतूडी, ज्यांना लोक ‘सैलानी’ या नावाने ओळखत, यांनी चिपको आंदोलनासाठी गीते रचली. पुढे अडवाणीच्या रानात स्त्रियांनी झाडांना राख्या बांधल्या. या सर्वांत नात्याचीच भाषा आहे. १९८१ मध्ये त्या डोंगराळ प्रदेशात एक हजार मीटरच्या वरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर पंधरा वर्षांची बंदी आली. ती केवळ गाण्यांमुळे आली, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती मागणी पेलून धरणाऱ्या गावागावांतील स्त्रिया एकमेकींशी बांधल्या गेल्या, त्यात गाण्याचा वाटा मोठा होता.

साहित्यिकांच्या दृष्टीने याहूनही बोलके उदाहरण केरळचे आहे. सायलेंट व्हॅलीतील वनाला बुडविणाऱ्या वीजप्रकल्पाविरुद्ध १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञ, शिक्षक आणि कवी एकत्र आले. सुगतकुमारी यांची वृक्षाची स्तुती करणारी कविता त्या चळवळीच्या सभांत प्रारंभीच्या प्रार्थनेसारखी म्हटली जाऊ लागली. झाडांचे कवी म्हणून या मंडळींची हेटाळणीही झाली. प्रकल्प थांबला तो अनेक कारणांनी. त्यांत शास्त्रीय समित्यांचे अहवाल होते, केंद्र सरकारचा निर्णय होता. १९८४ मध्ये ते वन राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. ज्या कवितेला लोक हसले, तिने कोणत्या अभियंत्याचे मत बदलले हे सांगता येणार नाही. परंतु जे वन बहुतेक केरळीयांनी पाहिलेही नव्हते, ते त्यांना आपले वाटू लागले, हे त्या कवितेचे कार्य होते.

कर्नाटकात सप्टेंबर १९८३ मध्ये शिरसी तालुक्यातील साळकणी येथे पांडुरंग हेगडे यांच्या प्रेरणेने ‘अप्पिको’, म्हणजे आलिंगन, चळवळ सुरू झाली. पदयात्रा, लोकनृत्ये आणि पथनाट्ये ही तिची साधने होती. याच भूमीत शिवराम कारंतांसारखा कादंबरीकार, ज्याने यक्षगानाला नवे जीवन दिले, कैगा अणुप्रकल्पाविरुद्ध उभा राहिला आणि वृद्धापकाळी १९८९ च्या लोकसभा निवडणुकीतही उतरला. तो हरला. परंतु एका ज्ञानपीठविजेत्याने पर्यावरणाचा प्रश्न मतपेटीपर्यंत नेला, ही घटना भारतीय साहित्याच्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे. महाराष्ट्राच्या नवापूरहून आणि दक्षिणेस कन्याकुमारीहून १ नोव्हेंबर १९८७ रोजी निघालेली ‘पश्चिम घाट बचाव’ पदयात्रा शंभर दिवसांच्या आसपास चालत २ फेब्रुवारी १९८८ पर्यंत गोव्यात फोंड्याजवळ पोहोचली. ही दोन टोकांनी येऊन मध्ये भेटणारी वाट वारीची आठवण करून देते. वारीप्रमाणेच तिनेही पाऊल हेच आपले पहिले विधान मानले.

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण येथे अप्रस्तुत होणार नाही. एस्टोनिया सोव्हिएत सत्तेखाली असताना, १९८७ मध्ये फॉस्फोराइटच्या नव्या खाणींची योजना जाहीर झाली. भूजल आणि जमीन यांच्या नाशाच्या भीतीने तेथे जो विरोध उठला, त्यात आलो मात्तिसेन या संगीतकाराचे एक गीत घरोघर पोहोचले. कोणताही मुलूख एकाकी नसतो, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. खाणींची योजना मागे पडली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तालिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर सुमारे तीन लाख लोक गाण्यासाठी जमले आणि १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला. या क्रांतीला ‘गाती क्रांती’ म्हणतात हे सर्वश्रुत आहे. तिच्या आरंभाशी पाण्याची आणि मातीची काळजी होती, हे मात्र कमी लोकांच्या ध्यानात असते. तेथेही गाण्याने रणगाडे वितळले नाहीत. सत्ता आतून खचत होती. गाण्याने केले ते एवढेच की, सत्ता खचली तेव्हा एकमेकांना ओळखणारा एक समाज तयार होता.

५

आता बंगळूरकडे वळू. या शहराला बारमाही नदी नाही. त्याचे जीवन तलावांच्या साखळीवर आणि झाडांच्या सावलीवर उभे राहिले. ती साखळी तुटली, तसे शहराचे दुखणे उघड झाले. बेळंदूर तलावावर फेस साचला आणि २०१५ व २०१७ मध्ये त्याने पेटही घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्वेकडील नव्या वसाहती पाण्याखाली गेल्या. २०२४ च्या उन्हाळ्यात तेच शहर टँकरच्या रांगेत उभे होते. एकेका घटनेचे खापर हवामानबदलावर फोडणे शास्त्राला मान्य होणार नाही. परंतु जेव्हा पाऊस अधिक लहरी होऊ लागतो, तेव्हा ज्या शहराने आपले तलाव आणि झाडे गमावली आहेत त्याला पहिला तडाखा बसतो, हे सांगावयास शास्त्रज्ञ लागत नाही.

२०१६ मध्ये बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत ६.७ किलोमीटर लांबीचा पोलादी उड्डाणपूल बांधण्याची योजना पुढे आली. त्यासाठी आठशेहून अधिक झाडे तोडावी लागणार होती. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी रस्त्याच्या कडेने हात धरून साखळी केली. त्यांच्या घोषणेत महत्त्वाचा शब्द एकच होता: ‘बेडा’. कन्नडमध्ये ‘बेडा’ म्हणजे नको. हा शब्द मूल आईला म्हणते, पाहुणा यजमानाला म्हणतो. त्यात नकार आहे, शिवी नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच नागरिकांनी उपनगरी रेल्वेची मागणी केली, तेव्हा त्यांची घोषणा होती ‘चुकुबुकु बेकु’. आपल्या ‘झुकझुक’ला कन्नड मुलांच्या तोंडी जो पर्याय आहे तो ‘चुकुबुकु’. आणि ‘बेकु’ म्हणजे हवे. ‘बेडा’कडून ‘बेकु’कडे, नकाराकडून हव्यासाकडे नव्हे तर आवडीकडे, आणि तेही बाळबोलीतून झालेला हा प्रवास काव्यदृष्ट्या लक्षणीय आहे. वाहतुकीच्या नियोजनासारखा रूक्ष विषय दोन लयबद्ध शब्दांत आला आणि नातू-आजी दोघांच्याही जिभेवर बसला. लोकगीताचे बीज असेच असते.

पुढे हरित न्यायाधिकरणाने त्या पुलाला स्थगिती दिली, आरोप-प्रत्यारोप झाले आणि मार्च २०१७ मध्ये सरकारने योजना सोडून दिली. उपनगरी रेल्वेला केंद्राची मंजुरी २०२० मध्ये मिळाली. येथेही कार्यकारणभाव सरळ रेषेत लावणे चुकीचे होईल. वाघ माघारी गेला तो न्यायालयाच्या आणि राजकारणाच्या कारणाने. परंतु त्या दिवशी हात धरलेल्या माणसांनी एकमेकांना प्रथमच पाहिले होते. २०१४ पासून शहरात ‘नेरळु’, म्हणजे सावली, या नावाने नागरिकांनी झाडांचा जो उत्सव सुरू केला होता, त्याने अशा ओळखीची भूमी आधीच नांगरून ठेवली होती. उत्सवातून प्रतिकार आणि प्रतिकारातून पुन्हा उत्सव, हा क्रम आपल्याला सार्वजनिक गणेशोत्सवाच्या इतिहासावरून अपरिचित नाही.

दुसरा प्रसंग अधिक अस्वस्थ करणारा आहे. रिचर्ड सँकी या लष्करी अभियंत्याने १८८२ मध्ये बांधलेल्या तलावाच्या कडेने रस्ता रुंद करून उड्डाणपूल उभारण्याची योजना होती. या तलावापासून जवळच, व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांच्या स्मरणार्थ, व्हायोलिनच्याच आकाराचे सभागृह उभे आहे; शहराच्या संगीतजीवनाचा तो मानबिंदू. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील रहिवासी, त्यांत मुले आणि वृद्धही होते, झाडे वाचविण्यासाठी पदयात्रेने निघाले. ती मूक होती. तरीही पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदविला, कारण २०२२ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार शहरातील निदर्शने फ्रीडम पार्क या एकाच जागी करावयाची होती. हे उद्यान म्हणजे पूर्वीचे मध्यवर्ती कारागृह. आणीबाणीत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि आपले मधु दंडवते यांना तेथेच ठेवले होते. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांची प्रकृती तेथील बंदिवासातच ढासळली आणि सुटकेनंतर १९७७ च्या प्रारंभी त्यांचा अंत झाला.

या प्रसंगातून सौम्य प्रतिकाराविषयी एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. मोठ्या शहरात रोजच्या रोज रस्ते अडविले जाऊ नयेत, ही प्रशासनाची अडचण खोटी नाही. परंतु तलावासाठी काढावयाची यात्रा तलावाकाठी काढता येत नसेल, तर तिचा अर्थच हरपतो. पंढरीची वारी नकाशावरच्या दुसऱ्या एखाद्या सोयीस्कर जागी नेता येत नाही, तसेच हे आहे. सौम्य गीताला मोठा आवाज नको असतो, मोठा मंचही नको असतो. त्याला जागा मात्र तीच हवी असते. किंबहुना ते ज्या जागेविषयी आहे त्या जागी उभे राहणे, हेच त्याचे अर्धे म्हणणे असते.

६

जागेचा हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. पर्यावरणविषयक संगीताचे आज दोन प्रवाह दिसतात आणि बंगळूरमध्ये पहिल्याचे ठळक उदाहरण आहे. या शहरात राहणारे संगीतकार रिकी केज यांनी आपली कला निसर्गाच्या आणि हवामानाच्या प्रश्नासाठी वाहिली आहे. २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेच्या निमित्ताने त्यांचा ‘शांती संसार’ हा गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. ‘विंड्स ऑफ संसार’ आणि ‘डिव्हाइन टाइड्स’ या संग्रहांसाठी २०१५, २०२२ आणि २०२३ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाले. जगभरच्या वाद्यांचा आणि आवाजांचा मेळ घालणारे हे संगीत पृथ्वीविषयी एक व्यापक आदरभाव जागवते, आणि राष्ट्रप्रमुखांच्या सभागृहापर्यंत पोहोचते. ज्या दालनात पदयात्रींना प्रवेश नाही तेथे ते जाते, ही त्याची सेवा लहान नव्हे. परंतु सर्व पृथ्वीला उद्देशलेल्या स्तुतीत एक धोका संभवतो. तिच्याशी कोणाचेच भांडण नसते. तलाव बुजविणारा आणि तलाव राखणारा, दोघेही तिला सारख्याच भक्तीने टाळ्या देऊ शकतात. शांतरसाचा हा नेहमीचा दोष आहे; तो निर्वेदाकडे झुकला की कृतीपासून दूर जातो.

दुसऱ्या प्रवाहाचे उदाहरण शेजारच्या चेन्नईचे. २०१७ च्या जानेवारीत टी. एम. कृष्णा यांनी एण्णूरच्या खाडीवर, वीजकेंद्रांच्या राखेने भरत चाललेल्या पाणथळीत, ‘पोरंबोकु’ गीत गाइले. शब्द कबेर वासुकी यांचे, बोलीतील, चाल आर. के. श्रीरामकुमार यांची, शुद्ध कर्नाटक पद्धतीच्या रागमालिकेतील. ‘पोरंबोकु’ म्हणजे कोणा एकाची नसलेली, सर्वांच्या उपयोगाची जमीन, आपल्या गायरानासारखी. काळाच्या ओघात तो शब्द तमिळमध्ये शिवी होऊन बसला होता. ज्या जमिनीला मालक नाही ती कुचकामी, तसाच माणूसही. या गीताने त्या शब्दाचा मूळ अर्थ परत मागितला. आवाज कोठेही चढलेला नाही; परंतु खाडीचे नाव आहे, राखेचे नाव आहे, आणि जे तेथे घडले तेच उद्या तुमच्या दारी घडेल असा इशाराही आहे. सौम्यता आणि नेमकेपणा यांचा असा संयोग आधुनिक भारतीय गीतात विरळा आहे.

मराठी मुलखातील उदाहरण मुंबईच्या आरेचे. तेथील वारली पाड्यात राहणारे प्रकाश भोईर आपल्या रानाची गाणी स्वतः रचून गात आले आहेत. २०१९ मध्ये ‘स्वदेसी’ या मुंबईच्या रॅप गायकांच्या समूहाने त्यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत काढले. त्यात जुन्या तारपासंस्कृतीचा आवाज आणि शहरी तरुणांची त्वरित लय एकत्र आली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्रीपासून मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली आणि विरोध करणाऱ्या एकोणतीस जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तोवर बहुतेक झाडे पडली होती. येथे गाणे हरले, असेच म्हटले पाहिजे. सौम्य प्रतिकाराचा इतिहास लिहिणाऱ्याने हे पराभव गाळता कामा नयेत. अर्भुत वाघ प्रत्येक वेळी लाजत नाही.

मात्र पराभवातही एक भेद दिसतो. जे गीत जागेचे नाव घेते ते पराभवानंतरही त्या जागेची साक्ष म्हणून उरते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल येथे २०२२ मध्ये सुरू झालेली हवामानासाठी गाणाऱ्या वृंदांची चळवळ बँकांच्या भागधारकांच्या सभांत उभी राहून समूहस्वरात गाते. तिच्या सुरांतही माधुर्य आहे, परंतु ज्या दालनात पैसा कोठे गुंतवावयाचा हे ठरते, नेमक्या त्याच दालनात ते सूर उमटतात. वीजकेंद्राची राख, कारशेडची जमीन किंवा बँकेची सभा, ही सर्व हवामानबदलाला चेहरा देण्याची साधने आहेत. ज्या संकटाला चेहरा नाही त्याला पत्ता तरी असतो.

७

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे परत येऊ. या गीतांचा स्थायी भाव कोणता? उत्साह नव्हे आणि क्रोधही नव्हे. शोक आहे, परंतु तो एकटा असता तर ही केवळ विलापिका झाली असती; ओ. एन. व्ही. कुरुप यांनी १९८४ मध्ये मल्याळम्‌मध्ये पृथ्वीची मृत्युगीता लिहिली, ती थोर आहे, पण मृत्युगीतेने मोर्चा निघत नाही. माझ्या मते या परंपरेचा आधार वात्सल्य हा आहे. रेणीच्या स्त्रियांचे माहेर, बंगळूरकरांचे बाळबोलीतील ‘चुकुबुकु’, मागडी तालुक्यातील सालुमरद तिम्मक्का यांनी पोटच्या लेकरांसारखी वाढविलेली वडाची झाडे, आणि पुण्यकोटीचे वासरू, या सर्वांतून तोच भाव वाहतो. वात्सल्याला रसपदवी द्यावी की नाही, याविषयी आपल्या साहित्यशास्त्रज्ञांत जुना वाद आहे. हवामानबदलाने तो वाद नव्याने जिवंत केला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कारण या संकटाचा खरा भार अद्याप न जन्मलेल्यांवर पडणार आहे आणि त्यांच्याविषयी वाटू शकणारा भाव वात्सल्याखेरीज दुसरा कोणता असणार?

शाहिरीची गरज संपलेली नाही. जेथे शत्रू उघड आहे तेथे डफ वाजलाच पाहिजे. परंतु जेथे आपणच वाघ आहोत आणि आपणच कळपही आहोत, तेथे पुण्यकोटीच्या वाणीला पर्याय नाही. ही वाणी कायदा करीत नाही, धोरण ठरवीत नाही, कोळशाची खाण बंद करीत नाही. ही कामे तिच्याकडून होतील असे मानणारा तिची फसवणूक करतो. ती शहराच्या एका तलावाकाठी माणसांना क्षणभर थांबविते, त्या तलावाचे नाव उच्चारते आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगते की, हे पोरके होऊ घातलेले पाणी आता तुझेही आहे.

मराठी कवींनी आपल्या नद्यांवर, खाड्यांवर आणि पठारांवर अशी नावानिशी गीते किती लिहिली, याचा हिशेब आपण एकदा मांडावयास हवा. तुकोबांनी सांगितलेले सोयरेपण आपण दीर्घकाळ सुभाषितासारखे वापरले. त्या सोयऱ्यांची नावे आणि गावे सांगण्याचे काम पुढच्या पिढीतील कवींचे आहे. आणि ती गीते मोठ्याने म्हटली गेली नाहीत म्हणून समीक्षेने त्यांना दुर्बल ठरवू नये, एवढीच या लेखाची विनंती आहे.